कागदांसाठी आले आणि घोडेगावला थांबले

कॅनडातल्या ज्या गावात मी राहते, तिथे औषधांचं दुकान किराणा मालाच्या मोठ्या दुकानाच्या पोटातच आहे. पाव, दूध, भाज्या ओलांडून शेवटच्या कोपऱ्यात जायचं. तिथे मी तीन वर्षं मदतनीस म्हणून काम करत होते. गोळ्या मोजायच्या, बाटलीत भरायच्या, वर रुग्णाच्या नावाची चिठ्ठी चिकटवायची. नगरला बी. फार्म. केलेली आणि घोडेगावच्या मेडिकलमध्ये काउंटर सांभाळलेली मी, तिथे मात्र फार्मासिस्ट नव्हते.

एक दिवस एका आजोबांनी मला विचारलं, ही सर्दीची गोळी माझ्या रक्तदाबाच्या गोळीबरोबर चालेल का? मी सवयीने सांगून टाकलं, "नको, ही घेऊ नका, रक्तदाब वाढेल." ते गेल्यावर आमच्या फार्मासिस्ट बाईंनी मला बाजूला घेतलं. बाई चांगल्या स्वभावाच्या. म्हणाल्या, "तुझं उत्तर बरोबर होतं. पण ते द्यायचा अधिकार तुला नाही. पुढच्या वेळी मला हाक मार."

मी मान हलवली आणि मागे जाऊन खोकी फोडत बसले. बाईंचा राग आला नाही. येत असलेली गोष्ट गिळून टाकावी लागते, याचं वाईट वाटलं.

अधिकार मिळवायची वाट आहे, पण लांबची. बाहेरच्या देशात शिकलेल्या फार्मासिस्टचे आधी कागद तपासतात. ते पसंत पडले की एक परीक्षा, त्यानंतर मुख्य परीक्षेचे दोन भाग. एक लेखी आणि दुसऱ्यात समोर खोटे रुग्ण बसवतात, त्यांच्याशी बोलून दाखवायचं. शिवाय भाषेची परीक्षा, तिथल्या कायद्याची परीक्षा आणि कुणा फार्मासिस्टच्या हाताखाली उमेदवारी. माझं घोडं पहिल्याच पायरीला अडलं होतं. कागद परत आले होते. एका गुणपत्रकावर माझं ज्योत्स्ना हे नाव इंग्रजीत 'टी' आधी आणि 'एस' नंतर असं होतं, दुसऱ्यावर उलटं. नव्याने काढलेल्या जन्मदाखल्यावर जिल्हा अहिल्यानगर, पदवीवर अहमदनगर. ही एकच बाई आहे आणि एकच गाव आहे याचा पुरावा द्या, असं त्यांचं म्हणणं. ठरलेल्या मुदतीत दिला नाही तर फाईल बंद.

फोनवरून दोन महिने खटपट केली. शेवटी नवरा म्हणाला, "तू स्वतः जाऊन ये." बारा दिवसांची रजा टाकली आणि निघाले.

शिर्डी

विमान शिर्डीला उतरलं तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. बापूमामा, म्हणजे आईचा भाऊ, त्याचा छोटा हत्ती टेम्पो घेऊन आला होता. टेम्पोत मागे कडब्याच्या दोन पेंढ्या होत्या. माझी बॅग त्याने त्यांच्यावर अलगद ठेवली.

"आदी बाबांचं दर्शन, मग कालेज," मामा म्हणाला.

"मामा, कॉलेजचं ऑफिस पाचला बंद होतं."

"बाबांनी मनात आनलं तर कोनचं हापिस बंद व्हतंय?"

मी हरले. गर्दी बेताची होती, तासाभरात बाहेर आलो. फुलांच्या आणि पेढ्यांच्या दुकानांच्या ओळीत एक मेडिकल दिसलं आणि माझे पाय थबकले. काउंटरवरची मुलगी कात्रीने पट्टी कापून चार गोळ्या देत होती. किती दिवसांनी पाहिलं हे! तिकडे सुट्या गोळ्या बाटलीत मोजून देतात आणि बाटलीचं झाकण असं की मोठ्या माणसालाही उघडायला झटापट करावी लागते. घरातल्या लहान मुलाला ते उघडता येऊ नये म्हणून. पद्धत चांगली आहे, पण त्या कात्रीच्या आवाजाने मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

राहात्याला मामाने पेरू घेतले. विकणाऱ्या बाईंनी चार फाका करून तिखटमीठ लावून दिलं. पुढे उसाच्या ट्रॅक्टरांच्या मागे मागे, मळीचा वास घेत, नगर गाठलं.

नगर

कॉलेजच्या ऑफिसात जगताप बाई होत्या. मी शिकत होते तेव्हाही त्याच होत्या. आता केस पांढरे झालेत, चष्मा दोरीला बांधलेला. मी नाव सांगितलं.

"टी आधी का एस आधी?" त्यांनी लगेच विचारलं.

मी थक्क झाले. त्या हसल्या. "तुझी ईमेल वाचलीय मी. उत्तर द्यायला वरून परवानगी येत नव्हती. आता तू समोर आहेस, अर्ज दे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरून जुनं प्रवेशाचं रजिस्टर काढवलं. त्यात माझ्या हातची सही होती, अठराव्या वर्षीची, गोल गोल अक्षरात. त्यावरून नाव दुरुस्त झालं. प्राचार्यांच्या सहीचं पत्र आणि नवीन गुणपत्रकं पाकिटात घालून, पाकीट चिकटवून, तोंडावर शिक्का मारला. जिल्ह्याच्या नावाचं मी विचारलं तेव्हा बाईंनी खणातून शासनाच्या अधिसूचनेची छायाप्रत काढून दिली. "रोज कुणीतरी येतंच यासाठी. गठ्ठाच करून ठेवलाय. आणि हे बघ, पाकीट उघडायचं नाही. उघडलं की त्याची किंमत शून्य."

"माहीत आहे बाई."

मला माहीत होतं. मामाला माहीत नव्हतं.

कर्जत

आमचं गाव कर्जत तालुक्यात. आईने हुलग्याचे शेंगोळे केले होते, लसणाच्या फोडणीचे, आणि ज्वारीची भाकरी. तीन ताटं जेवले असेन. प्रवासाने अंग मोडून आलं होतं. दुपारी जी झोपले ती दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावरच उठले.

ओसरीत मामा बसला होता. चेहरा असा की जणू लेकीचं लग्न पार पाडून आलाय.

"ज्योतीबाई, तुजं काम करून आलो बग."

त्याने माझ्यापुढे प्लॅस्टिकमध्ये मढवलेले कागद धरले. चकचकीत. सगळी गुणपत्रकं, प्राचार्यांचं पत्र, आणि शेवटी ते रिकामं पाकीटसुद्धा, शिक्क्यासकट.

"एवढ्या लांब न्यायचं, भिजलं-बिजलं तर? म्हनून कर्जतला जाऊन लॅमिनेशन करून आनलं. आता पन्नास वर्सं काय होत न्हाई."

माझं एकदम तोंड सुटलं. काय बोलले ते इथे लिहीत नाही. तुला कुणी सांगितलं होतं, सगळ्यात हात घालायची काय गरज, असं बरंच काही. आई मधे पडली तर तिलाही बोलले. मामाने कागद नीट गोळा केले, उशाखाली ठेवावेत तसे माझ्या बॅगेवर ठेवले, आणि बाहेर जाऊन टेम्पोपाशी उभा राहिला.

थोड्या वेळाने आत आला. "चल. आत्ता जाऊ नगरला. त्या बाईंच्या पाया पडतो मी."

वाटेत मिरजगाव ओलांडल्यावर तो एवढंच म्हणाला, "मला वाटलं, आपल्या पोरीचं नाव असलेला कागद हाय, फाटू नये." मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. डोळे पुसायचे होते, पण त्याला कळलं असतं.

जगताप बाईंनी मढवलेलं पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं आणि खुर्चीत मागे रेलून हसल्या. "तीस वर्षांत हे पहिलंच!" मग गंभीर झाल्या. प्राचार्य रजेवर होते, परवा येणार. त्यांच्या सहीशिवाय पुन्हा काही निघणार नव्हतं. म्हणजे मधला एक दिवस मोकळा.

"उद्या घोडेगावचा बाजार हाय," मामा हळूच म्हणाला. "तुजे रसाळ काका तिथंच हायेत ना?"

खरं तर काकांकडे, म्हणजे माझ्या पहिल्या मेडिकलच्या मालकांकडे, मी फक्त तासभर जाणार होते. कामाच्या अनुभवाचं पत्र घ्यायचं, चहा प्यायचा, निघायचं. आता अख्खा दिवस हातात होता.

घोडेगाव

बाजाराच्या दिवशी घोडेगावात गाडी शिरवणं हे कसब आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी म्हशी, गायी, शेळ्या. शिंगांना गुलाल लावलेले, टेम्पोतून उतरायला तयार नसलेले जीव, आणि त्यांच्या मालकांचे आवाज. मामा तर हरखूनच गेला. त्याला एका म्हशीपाशी सोडून मी पुढे चालत गेले.

रसाळ काकांचं मेडिकल बाजाराच्या वाटेवरच आहे. पदवी झाल्यावर मी इथेच काम केलं. काका आता सत्तरीला आलेत. मला पाहून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"आगं, ज्योत्स्ना! ये ये. हात धू आन आत ये."

आत म्हणजे काउंटरच्या आत. मी म्हटलं, "काका, मी पाहुणी आहे."

"नोंदनी चालू हाय ना तुजी? मग कसली पाहुनी? गर्दी बग किती हाय."

नोंदणी चालू होती ती त्यांच्यामुळेच. लग्न ठरून परदेशी जायची घाई चालली होती तेव्हा ते मागे लागले होते, आधी नूतनीकरण कर, त्यासाठीच्या वर्गाला बस. मला तेव्हा त्यांचा वैताग आला होता. तिकडे जाऊन काय करायचीय इथली नोंदणी? पण पुढे कॅनडाच्या मंडळींनी पहिल्याच पत्रात तेच विचारलं: तुमच्या देशातली नोंदणी चालू आहे का? इथल्या फार्मसी कौन्सिलचं तसं पत्र मी या खेपेला इकडे येण्याआधीच तिकडे पोचलं होतं.

मी हात धुतले आणि उभी राहिले. पहिला अर्धा तास काका नुसते बघत होते. मी झटपट औषधं देत होते, तिकडच्या सवयीने, मान खाली घालून. काकांनी मला थांबवलं.

"मानसाकडं बग. चिट्टीकडं मागनं बग."

दुपारी बाराच्या सुमारास एक बाई आली. तिशीची असेल. डोक्याला फडकं, हातांना उसाच्या पानांचे बारीक बारीक ओरखडे. पाथर्डीकडची ऊसतोडीची टोळी दुसऱ्या कारखान्याकडे निघाली होती, ट्रॅक्टर पलीकडे उभा होता. बरोबर तिचा नवरा.

"कंबर लई दुखतीया," ती म्हणाली. "ती लांबुळकी गोळी द्या. एक पाकीट."

काका पुढे आले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"आधी कुठली गोळी घेतेस का?" मी विचारलं.

तिने पदराची गाठ सोडली. आत तीन प्रकारच्या गोळ्या निघाल्या. एक गावातून आणलेली, एक मागच्या मुक्कामावर घेतलेली, एक शेजारणीने दिलेली. मी त्या काउंटरवर ओळीने मांडल्या. दोन तर एकच औषध होतं, नावं तेवढी वेगळी. तिसरीही त्याच जातीची, वेदनाशामक.

"दिवसाला किती?"

"दुकंल तशी. सकाळी दोन, दुपारी दोन. काम जादा आसलं तर रातच्यालाबी."

"किती दिवस झाले?"

"दिवाळीपास्नं."

"पोटात आग होते का?"

"व्हती. पर तिखट खातो ना आमी."

"चक्कर?"

"उनाची येती."

पुढचा प्रश्न कसा विचारावा हे मला कळेना. तिकडच्या परीक्षेच्या पुस्तकात तो एका ओळीत असतो. इथे तिचा नवरा उभा, मागे चार गिऱ्हाइकं. काकांनी ते ओळखलं. त्यांनी नवऱ्याला हाक मारली, "ये रे बाबा, हे खोकं जरा धर," आणि त्याला फळीच्या पलीकडे नेलं. मागच्यांना म्हणाले, "दोन मिन्टं भाईर थांबा."

मी काउंटरवरून पुढे वाकले. "ताई, शौचाला कसं होतं? काळं होतं का?"

तिने पदर तोंडाला लावला. मग हळूच म्हणाली, "डांबरावानी."

"रक्तवाढीच्या गोळ्या घेतेस का? लोहाच्या?" त्यानेही काळं होतं म्हणून विचारलं.

"न्हाई."

मी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आत लाली नव्हतीच, कागदासारखी पांढरी.

"काका," मी म्हटलं, "गोळी द्यायची नाही. हिला आत्ता दवाखान्यात न्यायला हवं. पोटात रक्त जातंय."

नवरा खोकं टाकून पुढे आला. "आत्ता कसं? टॅक्टर निगालाय. मुकादम बोलंल. कारखान्याव गेल्याव दाखवू."

ती बाईच म्हणाली, "कंबरेची तर हाय. द्या ना गोळी, जाऊ आमी."

हा माझ्यासाठी सगळ्यात अवघड क्षण होता. ज्या दोन शब्दांसाठी मी तिकडे तीन वर्षं झुरत होते, ते बोलायचा अधिकार इथे माझ्याकडे होता. पण नुसत्या अधिकाराने माणूस ऐकत नाही. मी काउंटरच्या बाहेर आले आणि तिच्या शेजारी बाकावर बसले.

"ताई, ह्या गोळ्यांनी पोटात जखम झालीय. कंबर दुखते ते खरं आहे. पण आणखी गोळ्या खाल्ल्यास तर एक दिवस उसाच्या फडातच पडशील. तिथून दवाखाना किती लांब?"

ती नवऱ्याकडे बघत राहिली. तो खाली बघत होता. मग त्याने विचारलं, "जीवाला धोका हाय का?"

"आहे. आज गेलात तर टळेल."

काकांनी दुकान तसंच सोडलं आणि मुकादमाशी बोलायला ट्रॅक्टरकडे गेले. काय बोलले माहीत नाही, पण टोळी त्या दोघांशिवाय गेली आणि मुकादम स्वतः बाईचं गाठोडं आणून ठेवून गेला. मी तोवर एका कागदावर डॉक्टरांसाठी लिहून काढलं: कुठल्या गोळ्या, किती, कधीपासून, काय त्रास. काकांनी ते वाचलं आणि खाली दुकानाचा शिक्का मारला.

मामा म्हशीपाशीच होता. मी धावत जाऊन सांगितलं. त्याने सौदा अर्धवट सोडला. "कुटं न्यायचं?" एवढंच विचारलं. टेम्पोत मागे कडबा पसरून त्यावर घोंगडी टाकली, दोघांना बसवलं. सरकारी दवाखान्यातून तिला नगरच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं, तिथेही मामाच बरोबर गेला. संध्याकाळी त्याचा फोन आला. "रक्ताची बाटली लावली. डाक्टर म्हनले, येळेत आनलं. चिट्टी कुनी लिवली इचारत होते. म्हनलं, माज्या भाचीनं."

दिवसभरात मला पहिल्यांदा रडू आलं. सकाळी ज्या माणसाशी मी धड बोलत नव्हते, तो तिथे परक्या बाईच्या उशाशी बसला होता. त्याने पाकीट फोडलं नसतं तर त्या दिवशी दुपारी बारा वाजता मी घोडेगावात नसते. फोनवर मी कालच्या बोलण्याची माफी मागितली. मामा म्हणाला, "आगं, ते कालच गेलं," आणि म्हशीचं काय झालं ते विचारू लागला.

संध्याकाळी काकांच्या पत्राला बसलो. शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात मी मजकूर टाईप केला होता. काकांनी तो बोट ठेवून वाचला.

"तीन वर्सं का लिवलंस? दोन वर्सं नऊ महिने व्हतीस तू."

"काका, तेवढं चालतं."

"चालत न्हाई. आन हे 'अत्यंत हुशार' बी काड. हुशार किती ते त्ये लोक बगतील." त्यांनी पेन घेतलं आणि त्याजागी साध्या इंग्रजीत लिहिलं, की ही रुग्णाला आधी विचारते आणि मग औषध देते. "हे मी आज सोता बघितलंय. हे लिवायला हरकत न्हाई."

एवढी चांगली शिफारस मला पुढे कुणी दिली नाही.

निघताना काकू बाहेर आल्या आणि बाजरीच्या खारोड्यांचा पुडा हातात ठेवला. कॅनडाच्या विमानतळावर सामान तपासणाऱ्यांनी तो उघडून पाहिला, हुंगला, आणि परत दिला.

परत

प्राचार्यांनी सही केली. जगताप बाईंनी नवीन पाकिटाला दुप्पट चिकटपट्टी लावली आणि मराठीत ठळक अक्षरांत लिहिलं: 'मामांनी उघडू नये.' मामाने ते वाचून सगळ्या ऑफिसला नमस्कार केला.

कागद पास झाले. पहिली परीक्षा झाली. खोट्या रुग्णांच्या परीक्षेत पहिल्यांदा नापास झाले, घाबरून भरभर बोलत सुटले होते. दुसऱ्यांदा बसले तेव्हा हळू बोलले, आणि पास झाले. कायद्याची परीक्षा, उमेदवारी, सगळं मिळून दोन वर्षं गेली. ज्यांना हीच वाट चालायची आहे त्यांना माझं एवढंच सांगणं: नाव सगळीकडे एकाच स्पेलिंगचं आहे ना ते निघण्याआधी बघा, आपली इथली नोंदणी मरू देऊ नका, आणि जिथे पहिल्यांदा काम केलं त्या माणसाशी संबंध ठेवा.

गेल्या महिन्यात माझ्या नावाचं परवानापत्र आलं. पहिल्या दिवशी सकाळी दुकान उघडायला वीस मिनिटं होती. मी गाडीतच बसून काकांना फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती.

"झालं काका. आजपासून मी फार्मासिस्ट."

"तू आदीपास्नंच व्हतीस की," काका म्हणाले. "त्यांना आत्ता कळलं." मग पाथर्डीच्या त्या बाईचं सांगितलं. यंदाही टोळीबरोबर जाताना ती दुकानात येऊन गेली, गोळी न घेता, नुसतंच भेटायला. पुढे काही सांगणार तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.

"जरा थांब गं," असं म्हणून त्यांनी फोन काउंटरवर ठेवला आणि विसरले.

मी ऐकत राहिले. कुणी म्हातारे बाबा होते. काका विचारत होते, जेवला का, कधी जेवला, काय खाल्लं, झोप लागली का रात्री, आणि ही गोळी कुणी सांगितली तुमाला? मधे कात्रीचा आवाज आला. बाबा सावकाश, सगळं पहिल्यापासून सांगत होते, आणि काकांना कसलीही घाई नव्हती.

समोर दुकानाचे दिवे लागले. तरी मी फोन बंद केला नाही. बाबांचं बोलणं पुरं होईपर्यंत थांबले, आणि मग आत गेले.